ताईनं न काढलेल्या पऱ्या

गेल्या महिन्यात ताई गेली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि त्या चार ओळींत तिला ‘पऱ्यांची चित्रकार’ म्हटलं होतं. मी बातमी लिहिणाऱ्या मुलीला फोन लावला. ती बिचारी म्हणाली, “आजी, सगळ्या पुस्तकांवर त्यांचंच नाव आहे.” म्हटलं, पुस्तकांवर दोन नावं आहेत, बाळ, तू पहिलं वाचून थांबलीस. ताईनं ससे काढले, खारी काढल्या, कोल्हे, घुबडं, बेडूक, हरणाची पाडसं काढली. परी तिनं आयुष्यात एकच काढली आणि ती माझ्यासमोर टराटरा फाडली. पऱ्या काढायची ती तिची धाकटी बहीण.

दुरुस्ती छापू, असं ती मुलगी म्हणाली. छापली नाही. तेव्हा मीच लिहिते.

मी सव्वीस वर्षं एका लहानशा प्रकाशनात मुलांच्या पुस्तकांची संपादक होते. पऱ्यांवर माझं विशेष प्रेम नाही. दिवसभर फुलांवर हिंडणाऱ्या आणि दुसऱ्यांच्या अडचणी कांडी फिरवून सोडवणाऱ्या बायांचं कौतुक मला कधी कळलं नाही. पण या दोघी बहिणींच्या पुस्तकांवर आमची कचेरी चालत होती, हे खरं.

ताईला मी कॉलेजपासून ओळखत होते. मी शिकत होते आणि ती तिथल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तक्ते काढायला नोकरीला होती. माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठी, पण चेहरा असा की प्राध्यापकसुद्धा तिच्या टेबलाशी येताना खोकून यायचे. काडीसारखी बारीक, केस घट्ट ओढून बांधलेले, बोलणं मोजून मापून. मला बेडूक चिरायला जमेना, तेव्हा तिनं माझ्या हातातून सुरी काढून घेतली, बेडूक चिरून दिला आणि म्हणाली, “आता निदान नीट बघ तरी.” आमची मैत्री झाली ती तिथं, फॉर्मलिनच्या वासात.

धाकटीला सगळे चिमणी म्हणत. लहानपणी ठेवलेलं नाव. पुढे दारातून आडवं शिरावं लागेल इतकी ती वाढली तरी नाव तेच राहिलं. आवाज खणखणीत, गुडघा दुखरा, हसली की टेबलावरचे कुंचले हलायचे. आणि त्या जाडजूड बोटांतून पऱ्या उतरायच्या त्या अशा की कागदावर फुंकर घातली तर उडून जातील. परीचे चेहरे तिला आकाशातून मिळत नसत. पोस्टातली बाई, औषधाच्या दुकानातली मुलगी, खालच्या मजल्यावरची भांडकुदळ शेजारीण, सगळ्यांना तिनं पंख लावले. पाचव्या पुस्तकात एक कपाळाला आठ्या घातलेली परी बेडकाला रागावते आहे. तिचं नाक माझं आहे. पुस्तक छापून बाजारात गेल्यावर मला हे माझ्या भाचीनं सांगितलं. मी जाब विचारायला गेले तर चिमणी म्हणाली, “बाई, दुसऱ्या कुठल्या नाकाला बेडूक घाबरलाच नसता.”

दोघींनी लग्नं केली नाहीत. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. उत्तरेच्या खिडकीशी टेबल, म्हणजे खरं तर दोन ट्रंकांवर आडवा टाकलेला जुना दरवाजा. त्याची कडीसुद्धा तशीच होती आणि तिला रंग पुसायचं फडकं अडकवलेलं असे. पाण्याचे दोन मग. ताईच्या मगातलं पाणी कायम मातकट, चिमणीच्या मगातलं गुलाबी. ताई बारीक कामाला खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला वापरायची. चिमणी म्हणायची, “तिचेच केस उपटून तिलाच काढतेस, निदान विचारून तरी घेत जा.”

त्यांची कामाची पद्धत मात्र मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. ओला कागद फळीवर ताणून बसवायचा. आधी ताई. सात-आठ दिवस ती झाडं, गवत, दगड आणि प्राणी रंगवायची आणि मध्ये कुठंतरी कागद पांढरा सोडून द्यायची. कारण परीचा पंख म्हणजे तो कागदच असतो. पाण्यासारखा पातळ रंग असा फिरवायचा की पंखातून पलीकडचं उजळलेलं दिसावं. खाली आधीचा रंग असला तर पंख मेलाच. ताईचं झालं की दोघी खुर्च्या बदलायच्या. फळी हलवायची नाही, माणसांनी हलायचं. मग चिमणी परी काढायची.

परी कुठं बसणार, कशी बसणार, याबद्दल दोघी एक शब्द बोलत नसत. तशी गरजच नव्हती. ताईच्या प्रत्येक प्राण्याची नजर कुठंतरी लागलेली असायची, आणि त्या सगळ्या नजरा जिथं मिळतात तिथं परीचा चेहरा. प्रयोगशाळेत भुसा भरलेले कोल्हे आणि ससे होते, काचेच्या डोळ्यांचे. ताई म्हणायची, काचेच्या डोळ्याला सगळं असतं, फक्त नजर नसते. ती आपण द्यायची. टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. तो बुबुळाच्या कुठल्या बाजूला ठेवायचा यावर ती एकेका सशापाशी अर्धा अर्धा तास बसे. चिमणी खुर्चीत बसली की आधी काही मिनिटं नुसती त्या डोळ्यांकडे बघायची. मग म्हणायची, “हं. समजलं.” आणि कामाला लागायची.

हे मला माहीत होतं. सव्वीस वर्षं मी हे बघत होते. हे इथं लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

शेवटचं पुस्तक बारा चित्रांचं. एका रानाचं एक वर्ष, महिन्याला एक चित्र. अकरा चित्रं झाली आणि चिमणी आजारी पडली. आधी धाप लागायची, मग पाय सुजले, मग हात. डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय, दाखल करा. तेव्हा ताई नुकतीच कॉलेजातून निवृत्त झाली होती. दोघींनी ठरवलं होतं की आता रोज सकाळपासून टेबलाशी बसायचं, कुणाची नोकरी आड येणार नाही. ते दिवस आले आणि चिमणी दोन बसथांबे पलीकडच्या हॉस्पिटलात, खिडकीपासून तिसऱ्या खाटेवर.

ताई सकाळी आणि चार वाजता तिच्याकडे जायची. मधल्या वेळात तिनं बारावं चित्र सुरू केलं. रान तेच, पानं झडलेली. ससा, खार, कोल्हा, घुबड, पाडस. मध्ये पांढरी जागा. चिमणी बरी होऊन येईल आणि ती जागा भरेल, एवढ्या एका गोष्टीवर ताई उभी होती. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं होतं की फार दिवस नाहीत. तिनं मला ते जसंच्या तसं सांगितलं, आणि त्याच दमात म्हणाली की उद्यापासून फळी हॉस्पिटलात नेते; चिमणीला उशांना टेकवून बसवलं तर रोज थोडं थोडं होईल. एक परी. तिला फक्त एक परी हवी होती तिच्या हातची.

नेलीही तिनं फळी. बसमध्ये, कापडात गुंडाळून, मांडीवर धरून. चिमणीच्या बोटांत कुंचला राहिना. बोटं फुगून गाजरासारखी झाली होती. ती म्हणाली, “ताई, आज नको. उद्या बघू.” तीन दिवस फळी गेली आणि आली. चौथ्या दिवशी ताईनं ती घरीच ठेवली.

इकडे कचेरीत मालक माझ्या डोक्यावर बसले होते. शाळा उघडण्याआधी पुस्तक दुकानात हवं होतं, अकरा चित्रांचे फर्मे, म्हणजे पुस्तकाचे मोठे ताव, छापून तयार होते, शेवटचा तेवढा अडला होता. मी ताईला म्हटलं, तूच काढ ना परी, एवढी वर्षं शेजारी बसून बघतेस. ती नाही म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. मला ‘नाही’ हे उत्तर म्हणून पटत नाही, हा माझा जुना दोष. शेवटी तिनं वेगळ्या कागदावर एक काढून दाखवली. तीच ती एकुलती एक. खांद्याचे स्नायू, पाठीचा कणा, पंख खांद्याच्या फऱ्याला कुठं जोडलेत ते, सगळं बिनचूक. प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगावी अशी परी. ताईनं ती हातभर लांब धरली आणि म्हणाली, “ही उडेल. पण हिच्याजवळ कुणी जाणार नाही.” आणि फाडली.

त्यानंतरच्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. ताई हॉस्पिटलात होती. किल्ली शेजारणीकडे असायची. मला तिनं न विचारता दिली. मी फळीवरून कागद सोडवला, गुंडाळला आणि कचेरीत आणला. ताईला चिठ्ठी लिहून ठेवली की चित्र नेते आहे, काळजी करू नकोस, मी बघते. मला वाटलं, तिच्या डोक्यावरचं एक ओझं कमी करते आहे. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

आमच्याकडे एक अक्षरवाले होते. पुस्तकांची नावं, मथळे हातानं काढायचे. सज्जन माणूस. त्यांनी चित्र पाहिलं आणि मागे सरकले. “बाई, हे मला सांगू नका. माझी परी पाटीवरच्या अक्षरासारखी येईल, ठसठशीत.” मी म्हटलं, येऊ दे ठसठशीत, पण सोमवारी येऊ दे. त्यांच्याकडे पोस्टर कलर होते, दाट, झाकणारे. सोमवारी त्यांनी परी आणून दिली. गुलाबी झगा, हातात चांदणीची कांडी, पांढऱ्या जागेच्या बरोबर मध्यभागी. नीटनेटकी होती. मी चित्र छपाईच्या फोटोला पाठवलं, ज्यावरून छापतात ती निगेटिव्ह झाली, आणि गुरुवारी प्रूफ हातात आलं. मी रंग बघितले, कडा बघितल्या, खालच्या मजकुरातला एक सुटलेला अनुस्वारसुद्धा पकडला.

ताईनं चिठ्ठी वाचली होती. त्या दिवसांत ती मला एवढंच म्हणाली होती की चित्र ओलं होऊ देऊ नकोस. काय चाललंय ते विचारायचं तिला सुचलं नाही, किंवा माझ्यावर भरवसा होता.

गुरुवारी चार वाजता मी प्रूफ घेऊन हॉस्पिटलात गेले. मूळ चित्रही बरोबर घेतलं होतं, ताईला परत द्यायला. ताई खाटेशी स्टुलावर होती. चिमणी उशांना टेकून बसली होती, ओठ निळसर, पण मला बघून म्हणाली, “आली बघा नाकवाली परी.” मी म्हटलं, पुस्तक पूर्ण झालं, बघ. आणि प्रूफ तिच्या मांडीवर पसरलं.

ती बघत राहिली. ताई उठून तिच्या खांद्यावरून वाकली. मी वाट बघत होते की दोघींपैकी कुणीतरी हुश्श म्हणेल.

चिमणी म्हणाली, “ही कोण बसलीये मध्ये? हिच्याकडे कुणीच बघत नाहीये.”

तेव्हा मला दिसलं. ससा जमिनीकडे बघत होता. खार पाठमोरी, झाडाच्या पलीकडे डोकावत. कोल्ह्याची मान वळलेली, नजर चित्राच्या बाहेर. पाडस दुसऱ्या बाजूच्या वाटेकडे बघत होतं. घुबड वर. पाच प्राणी, पाच दिशा, आणि मध्ये ती गुलाबी झग्यातली, कुणी न बोलावलेली. अनुस्वार पकडणाऱ्या माझ्या डोळ्यांना हे आठवडाभरात दिसलं नव्हतं.

ताईचा चेहरा मी विसरणार नाही. तिलाही ते त्या क्षणीच कळत होतं. तिनं असं ठरवून केलं नव्हतं. एकेका प्राण्यावर वेगळ्या दिवशी, हॉस्पिटलातून आल्यावर बसत गेली, प्रत्येकाच्या डोळ्यात ठिपका ठेवत गेली, आणि या वेळी नजरा कुठंच मिळाल्या नाहीत. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. ती पुटपुटली की डोळे बदलता येतील, ठिपके हलवता येतील.

चिमणीनं मान हलवली. मग ती नेहमीसारखी काही मिनिटं त्या डोळ्यांकडे नुसती बघत बसली. खाटेखालचं भांडं न्यायला आयाबाई आली आणि गेली. मग चिमणी म्हणाली, “हं. समजलं.” तिला दम लागत होता, शब्द तुटत होते. ती म्हणाली, “हे शोधतायत. परी गेलीये. ताई, इथं परी नाहीच.”

ताईनं विचारलं, “रिकामी ठेवू?”

“रिकामी. पण स्वच्छ ठेव. माझी जागा आहे ती.” मग प्रूफावरच्या परीवर बोट ठेवून म्हणाली, “हिला काढ. तूच काढ, तुझा हात हलका आहे. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.”

शेवटचं वाक्य तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं, पण ते मला होतं.

मी त्याच पावली छापखान्यात गेले आणि शेवटचा फर्मा थांबवला. सोमवारी सकाळपर्यंत दुरुस्त चित्र आणून देते असं सांगितलं. मजकुरात ‘परी मध्ये बसली आणि सगळे तिच्याभोवती जमले’ असं होतं, ते वाक्य मी खोडलं. ताई चित्र घेऊन घरी गेली.

पोस्टर कलर कागदावरून काढणं म्हणजे जखमेवरची खपली काढण्यासारखं काम. ओल्या कापसानं आधी टिपायचं, मग ब्लेड जवळजवळ आडवं धरून कणाकणानं खरवडायचं, मग बारीक पॉलिशपेपर, मग चमच्याच्या पाठीनं घासून कागद पुन्हा गुळगुळीत करायचा. जोर जरा जास्त झाला की भोक. शुक्रवारी सकाळी ती हॉस्पिटलात जाऊन आली आणि बसली ती दिवस मावळेपर्यंत. चार वाजता गेली नाही. चिमणीनंच सकाळी सांगितलं होतं की हे झाल्याशिवाय येऊ नकोस. शनिवारी सकाळीही गेली नाही. मी जाऊन आले. चिमणीनं मला विचारलं, “कुठवर आलं?” म्हटलं, झगा गेला, कांडी गेली, चेहरा गेला, पंख राहिलेत. ती डोळे मिटून हसली. म्हणाली, तिचं सगळं असंच, आधी उरकायचं ते शेवटाला ठेवते.

तिथून मी ताईकडे गेले. दुपारभर तिच्याजवळ बसले, भिंग धरून. ब्लेडचा खरखर आवाज तेवढा. तीनच्या सुमाराला ती एकदम थांबली, ब्लेड खाली ठेवलं आणि म्हणाली, “मी जरा जाऊन येते तिच्याकडे.”

मी म्हटलं, “आता एकच पंख राहिलाय. उरक, मग चारला दोघी जाऊ.”

तिनं ब्लेड उचललं.

पावणेचारला शेजारीण दारात आली. तिच्याकडे फोन होता आणि हॉस्पिटलात तोच नंबर दिलेला होता. तिनं काही सांगायच्या आधीच ताईनं कागदावरची धूळ फुंकली, ब्लेड कागदात गुंडाळलं आणि उठली. पंखाचा एवढासा कोपरा राहिला होता.

नर्स म्हणाली, त्रास झाला नाही, झोपेत गेल्या. नर्सनं आणखी काय सांगायचं असतं. खाटेवरची चादर नीट ओढलेली होती. चिमणीचे हात बाहेर होते आणि सूज थोडी उतरल्यासारखी वाटत होती. ताईनं तिची बोटं एक एक करून बघितली. रडली नाही. मी रडले, आणि त्याचा मला अजून राग येतो.

रविवारी आम्ही सगळं उरकून घरी आलो. लोक गेले. ताईनं हात धुतले, टेबलाशी बसली आणि तो राहिलेला कोपरा खरवडला. सोमवारी सकाळी तिनं चित्र स्वतः कचेरीत आणून दिलं.

पुस्तक वेळेवर निघालं. बाराव्या चित्रात रान आहे, पाच प्राणी आहेत, आणि मध्ये जरा करडट, लव उठल्यासारखी दिसणारी रिकामी जागा. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेनं छपाईची चूक म्हणून दहा प्रती परत पाठवल्या. मुलांची पत्रं आली. परी कुठं गेली, असं बहुतेकांनी विचारलं होतं. मालक म्हणाले, सगळ्यांना एकच छापील उत्तर पाठवा. मी पाठवलं नाही. मला उत्तर माहीत नव्हतं.

ताईनं त्यानंतर आमच्यासाठी चित्र काढलं नाही. एक-दोन जणांनी विचारलंही, की नुसत्या प्राण्यांचं पुस्तक करा. ती म्हणाली, माझ्या प्राण्यांना आता बघायला काही नाही. ती पुन्हा तक्त्यांकडे वळली. शाळांसाठी बेडकाची पचनसंस्था, कबुतराचा सांगाडा, सशाचे दात. तक्त्यातल्या प्राण्यांना डोळे असतात, नजर लागत नाही. टेबलाशी खुर्च्या दोनच राहिल्या. दुसरीवर ती पुठ्ठे ठेवायची, आणि मी गेले की ते खाली जमिनीवर काढून ठेवायची. मी दर गुरुवारी जायचे. ती मला कधी टोचून बोलली नाही. एकदा मी विचारलं, माझा राग येतो का? ती सशाच्या दाताला शाईची रेघ देत होती. रेघ पूर्ण करून म्हणाली, “येतो. शनिवारी जरा जास्त येतो. तू गुरुवारी येतेस ते बरं आहे.”

आता ती गोष्ट, जी मी सहा वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

पुस्तक निघाल्यावर महिन्याभरानं मी छापखान्यात गेले होते. तिथं निगेटिव्हवर हात फिरवणारा एक म्हातारा माणूस होता. डाग उडव, रेघ सांध, असलं काम करायचा. त्यानं सहज विचारलं की त्या चित्रावरची परी कुणी खरवडली, काम छान झालंय. मी सांगितलं. तो म्हणाला, “अहो बाई, मला सांगायचं. निगेटिव्हवर मी ती दीड तासात उडवली असती. कागदाला हात लावायची गरजच नव्हती.”

हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला नसेल, मला होतं. त्याच माणसाकडून मी आधीच्या पुस्तकांतले डाग, ओरखडे, एकदा तर शाईत पडलेली अख्खी माशी उडवून घेतली होती. पण त्या गुरुवारी चिमणी म्हणाली ‘हिला काढ’, आणि आम्हा दोघींनाही कागदापलीकडे काही सुचलं नाही. ताईला सुचायचं कारण नव्हतं, तिचा संबंध कागदाशी. माझा छापखान्याशी होता. दीड तास. आणि ताई शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस चिमणीच्या खाटेशी बसली असती.

सहा वर्षांनी एका गुरुवारी मी हे तिला सांगितलं. का सांगितलं, तर मला सहन होईना. माझं वय झालं होतं, रक्तदाब वाढला होता, आणि कुठंतरी वाचलं होतं की मनात ठेवू नये. मी सगळं सांगितलं, माशीसुद्धा. ताईनं मध्ये तोडलं नाही. हातातला कुंचला तिनं मगात बुडवला, झटकला, फडक्याला पुसला.

मग म्हणाली, “ती म्हणाली होती तूच काढ. मी तिनं सांगितलं म्हणून बसले होते. एवढं एक माझ्याजवळ होतं.”

फडकं तिनं पुन्हा कडीला अडकवलं.

“आता तू येऊन सांगतेस की बसायची गरज नव्हती. हे मला कशाला सांगितलंस? तुला बरं वाटावं म्हणून?”

मी हो म्हटलं. तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही.

“वाटलं का?”

“नाही.”

“मग दोघींचंही गेलं,” ती म्हणाली, आणि कबुतराच्या सांगाड्याकडे वळली. मी थोडा वेळ बसले, मग पिशवी उचलून निघाले.

पुढच्या गुरुवारी जावं की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. गेले. जिना चढताना दोनदा थांबले. ताईनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. खुर्चीवरचे पुठ्ठे तिनं खाली काढले नाहीत. मीच काढले, भिंतीला टेकवून ठेवले आणि बसले. तिनं चहा आणला. त्यात साखर नव्हती. विसरली की मुद्दाम घातली नाही, हे मी विचारलं नाही. प्यायले.